ई-सिगारेटवरील बंदी उठवून परवाने दिले, तर हा बाजार कोणाच्या हाती जाईल?

प्रश्न : धरमपेठवासी

मी नागपुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. गेल्या आठवड्यात अकरावीच्या एका विद्यार्थ्याच्या कंपासपेटीत हायलायटरसारखी दिसणारी वस्तू सापडली. टोपण काढताच आंब्याचा गोड वास आला. तळाशी बारीक चिनी अक्षरांखेरीज काहीही छापलेले नव्हते. २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवणूक आणि जाहिरात बंद केलेली असतानाही ती मुलांपर्यंत पोहोचत असेल, तर परवाने, तपासणी आणि वयाची अट हा मार्ग बरा नाही का? की मग सारा बाजार मोठ्या सिगारेट कंपन्यांच्या घशात जाईल?

उत्तर : सदरचा वकील

ताई, अमेरिकेचा अनुभव पाहता तुमची दुसरी शंका खरी ठरते. तेथील अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये ई-सिगारेटला तंबाखूच्या नियमांखाली आणले आणि १५ फेब्रुवारी २००७ नंतर बाजारात आलेल्या प्रत्येक उत्पादनासाठी स्वतंत्र परवानगी सक्तीची केली. अर्जासोबत रासायनिक विश्लेषणापासून समाजाच्या आरोग्यावरील परिणामांपर्यंतचे पुरावे द्यायचे असल्याने, दुकानाच्या मागच्या खोलीत द्रव मिसळून विकणाऱ्या लहान व्यावसायिकाला तो खर्च झेपणे अशक्यच होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये पहिली परवानगी मिळाली ती व्ह्यूज या ई-सिगारेटला, म्हणजे ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोच्या मालकीच्या रेनॉल्ड्सला. मार्लबोरो विकणाऱ्या अल्ट्रियाने २०१८ मध्ये १२.८ अब्ज डॉलर मोजून ज्यूल या ई-सिगारेट कंपनीचा ३५ टक्के हिस्सा घेतला. तो पैसा जवळजवळ पूर्ण बुडाल्यावर २०२३ मध्ये तिने एनजॉय ही दुसरी ई-सिगारेट कंपनी विकत घेतली, आणि तिचे मोल मुख्यतः हाती असलेल्या परवानगीत होते. एवढे होऊनही विनापरवाना चिनी उपकरणे तेथे सर्रास विकली जातात, त्यामुळे परवाना आला की चोरटा माल थांबेल, ही आशा मला फोल वाटते.

उत्तर : दंतवैद्य, मेडिकल चौक

परवान्याच्या बाजूने मांडला जाणारा मुख्य मुद्दा, म्हणजे सिगारेट ओढणारे लोक कमी घातक पर्यायाकडे वळतील हा, ब्रिटनमध्ये मोलाचा असेलही. पण २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात धूम्रपान करणारे प्रौढ १०.७ टक्के, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २१.४ टक्के होते. माझ्याकडे येणारा तरुण पन्नीवर घोटलेला खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचे मिश्रण, खाणारा असतो आणि त्याचे तोंड इतके कमी उघडते की त्यात तीन बोटे उभी मावत नाहीत. आंब्याच्या वासाची वाफ त्याचा खर्रा सोडवणार नाही; कधीच तंबाखूला न शिवलेल्या तुमच्या विद्यार्थ्याला मात्र ती निकोटिनची सवय लावेल. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि ती कशी पाळली जाते हे आपण सारे पाहतो, तरीही या वस्तूला कायदेशीर दुकान मिळू नये असेच माझे ठाम मत आहे.

धरमपेठवासी

आपले म्हणणे पटले. त्या मुलाने समाजमाध्यमावरील एका खात्यावरून मागणी नोंदवली होती आणि पार्सल घरपोच आले. त्याला शिक्षा व्हावी असे मला अजिबात वाटत नाही.

सदरचा वकील

कायद्याचा मुख्य रोख विकणाऱ्यावर आहे : पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाचा पोलीस अधिकारी झडती घेऊन माल जप्त करू शकतो. पार्सलचे वेष्टन, पैसे दिल्याची नोंद आणि त्या खात्याची छायाचित्रे जपून ठेवा, आणि पालकांना सोबत घेऊनच लेखी तक्रार द्या.