छताचा पंखा घरी बसवताना: तुमचे अनुभव सांगा

आमच्या झोपायच्या खोलीतला पंखा नुकताच मी आणि माझ्या मुलीने मिळून बदलला. पहिल्यांदाच. एका रविवारी जुना उतरवला आणि नवा चढला तो थेट पुढच्या रविवारी. मधला सगळा आठवडा हुकाने खाल्ला.

जुना पंखा खाली आल्यावर मुलीने टॉर्च धरली आणि म्हणाली, "आई, हे बघ." दांड्याच्या वरच्या टोकाला जे रबरी चाक असतं, त्याचा भुगा झाला होता. त्या जागी लोखंडी बोल्टच हुकावर घासत होता. मी हुकाच्या आतून बोट फिरवलं तर खोबण लागली, करंगळीचं नख आडवं बसेल इतकी खोल. त्या पंख्याखाली आम्ही एकोणीस वर्षं झोपलो.

तो हुक स्लॅबमध्येच ओतलेला, त्यामुळे काढता येईना. मग शेजारी अँकर फास्टनरचा, म्हणजे काँक्रीटमध्ये भोक पाडून आत फुगवून घट्ट बसवतात तसल्या बोल्टाचा, नवा हुक बसवून घेतला. ते काम जाणत्या माणसाकडून करून घेतलं, कारण भोक नुसत्या गिलाव्यात गेलं की काँक्रीटमध्ये, हे मला कळलं नसतं. बाकी दांडा, वायर, पाती सगळं आम्ही दोघींनी केलं.

तुम्ही कधी पंखा बसवला असेल तर काय अडलं, काय चुकलं, नंतर काय लक्षात आलं, ते इथे लिहा. अगदी बारीकसारीकही लिहा, मला वाचायचं आहे.

•

माझा पंखा लागला झटक्यात, पण चार नंबरवर टाकला की डुलायचा. सगळे स्क्रू पुन्हा आवळले, तरी तेच. शेवटी मोजपट्टी घेतली. पंखा बंद ठेवून एका पात्याचं टोक छतापासून किती अंतरावर येतं ते मोजलं, मग हाताने पंखा फिरवून दुसरं पातं त्याच जागी आणलं, मग तिसरं. दोन पाती सारखी निघाली, तिसरं जवळजवळ एक सेंटीमीटर खाली. खोक्यातून काढताना त्याची पट्टी कशावर तरी दाबली गेली असणार. पातं उतरवून सपाट फरशीवर ठेवलं, हळूहळू दाब देऊन सरळ केलं, पुन्हा लावून मोजलं. डुलणं थांबलं.

आणखी एक. पाती लावताना आधी सगळे स्क्रू हाताने अर्धवट बसवायचे आणि सगळे बसले की मगच आवळायचे. पहिलं पातं पूर्ण आवळून टाकलं तर पुढच्यांची भोकं जुळवताना ओढाताण होते आणि पट्टी वाकते. आणि एका पंख्याचं पातं दुसऱ्याला लावू नका, दिसायला सारखं असलं तरी. एका संचातली पाती वजनाला जुळवून दिलेली असतात.

•

मी बावीस वर्षं वायरमनचं काम करतोय. घरी पंखा बसवणाऱ्यांचं मला कौतुकच आहे, पण दोन गोष्टी कळकळीने सांगतो.

पहिली कॉटर पिनची. दांड्याला खाली एक बोल्ट असतो, तो मोटरला धरतो. वर एक असतो, तो हुकात अडकतो. दोन्ही बोल्टांच्या टोकाशी बारीक भोक असतं. नट आवळल्यावर त्या भोकातून कॉटर पिन घालायची आणि तिचे दोन्ही पाय दोन बाजूंना दुमडायचे. पंखा वर्षानुवर्षं थरथरत असतो आणि त्या थरथरीने नट एकेक आटा सुटत जातो. पिन असेल तर तो बोल्टाबाहेर पडत नाही. मी उतरवलेल्या कितीतरी पंख्यांत पिन नव्हतीच, कुठे तिच्याऐवजी वायरचा तुकडा पिळून घातलेला. दांड्यावरची झाकणाची वाटी वर सरकवली की हे सगळं झाकलं जातं, पुन्हा कुणी बघत नाही. जुनी पिन सरळ करून परत वापरू नका, दुमडलेल्या जागी ती तुटते.

दुसरी गोष्ट स्विचची. स्विच बंद केला म्हणजे वायर मेली, असं धरून चालू नका. कित्येक घरांत चुकून स्विच फेजऐवजी, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरीऐवजी, न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या वायरीवर टाकलेला असतो. पंखा बंद असतो, तरी वर फेज जिवंत! माझ्याबरोबर काम शिकणाऱ्या एका मुलाला असाच झटका बसला आणि तो शिडीवरून पडला. मनगट मोडलं. त्या दिवसापासून मी मेन बंद केल्याशिवाय शिडीवर पाय ठेवत नाही, आणि वर गेल्यावरही दोन्ही वायरींना टेस्टर लावून बघतो. तो टेस्टरही आधी चालू प्लगला लावून पेटतो का ते तपासायचं. बिघडलेला टेस्टर सगळ्याच वायरी मेलेल्या दाखवतो.

अर्थिंगची हिरवी वायर असेल तर ती जोडाच. पुष्कळ जण ती गुंडाळून वाटीत कोंबतात.

•

वायरमनदादा, पिनचं वाचून आत्ताच वाटी खाली करून पाहिली. आहे. बरं वाटलं.

•

आमच्याकडे मुलांसाठी दुमजली पलंग आणला आणि पंख्याचा विचारच केला नाही. धाकटा वरच्या गादीवर बसून अंगातला शर्ट काढत होता, हात वर गेले आणि बोटांची टोकं पात्याला लागली. पंखा एक नंबरवर होता म्हणून नुसतं खरचटलं. त्याच संध्याकाळी पलंग भिंतीकडे सरकवला.

फरशीपासून पाती सात-साडेसात फूट वर हवीत हे मला माहीत होतं, पण ते उभ्या माणसासाठी. पलंग, माळा, शिडी, माणूस जिथे जिथे चढतो तिथून मोजायला हवं. मी आधी आखूड दांडा लावून पंखा छताजवळ नेऊन पाहिला होता, पण मग खाली वाराच येईना. पंख्याला वरून हवा ओढायला जागा लागते. साधारण फूटभर अंतर ठेवलं तेव्हा पूर्वीसारखा वारा लागायला लागला.

•

माझं थोडं वेगळं. पंखा छान लागला, पण अभ्यासाला बसलं की डोकं दुखायचं. दिवा पंख्याच्या वर होता, त्यामुळे पात्यांच्या सावल्या वहीवर सारख्या फिरायच्या. दिवा भिंतीवर, पात्यांच्या खाली घेतला आणि त्रास संपला.

•

आम्ही वीज वाचावी म्हणून बीएलडीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणाऱ्या मोटरचा, पंखा घेतला. जुना साधारण ७५ वॅटचा, हा ३० च्या आसपास. जुन्या वायरी होत्या तशाच जोडल्या. पंखा सुरू व्हायचा, दोन मिनिटांनी गचके खायचा, मधेच थांबायचा. रिमोट खराब आहे असं समजून तो बदलून आणला, तरी तेच.

दोष रेग्युलेटरचा होता. या पंख्याचा वेग त्याच्या आतलंच सर्किट ठरवतं, त्याला बाहेरून अखंड पुरवठा लागतो. जुना रेग्युलेटर मधे बसून पुरवठा कापत होता. "पाचवर ठेवा, चालेल" असं एकाने सांगितलं होतं, पण घरातलं कुणी ना कुणी सवयीने बटण फिरवायचंच. रेग्युलेटर काढून थेट स्विचवर घेतला, तेव्हापासून एकदाही तक्रार नाही.

•

पंखा हळू फिरतो म्हणून नवा घ्यायला निघालेल्यांसाठी: आधी कपॅसिटर, म्हणजे मोटरला जोर देणारी वाटीतली छोटी डबी, बघा. आमचा पंखा पाचवरही रेंगाळायचा आणि सुरू करताना काठीने ढकलावा लागायचा. मोटर गेली असंच आम्ही धरून चाललो होतो. वाटीतल्या डबीवर २.५ मायक्रोफॅरड लिहिलं होतं, नेमका तेवढ्याचाच नवा घातला. बाबा खाली उभे होते, म्हणाले, "अरे, हा तर नव्यासारखा फिरायला लागला!" आकडा तोच घ्यायचा, मोठा घालून वेग वाढवायला जायचं नाही, मोटर तापते. आणि मेन बंद केल्यावरही कपॅसिटरच्या उघड्या टोकांना बोट लावू नका, त्यात विजेचा भार राहिलेला असू शकतो.

•

सगळ्यांचे मनापासून आभार.

वायरमनदादांचं वाचल्यावर आमच्या नव्या पंख्याची काळजी नव्हती, त्याच्या दोन्ही पिना मुलीने स्वतः दुमडल्या होत्या. पण सासूबाईंच्या खोलीतला पंखा आम्ही कधीच उघडून पाहिला नव्हता. काल दुपारी मेन बंद करून शिडी लावली. वरची पिन होती. खालच्या बोल्टाला नव्हती, आणि नट बोटांनी फिरला. पाना लागलाच नाही.

सासूबाई खालून विचारत होत्या, "काय गं, काय झालं?" मी काही न बोलता नट घट्ट आवळला, नवी पिन घातली आणि तिचे पाय दुमडले. मग मुलीला वर चढवून तिच्याकडूनही बघून घेतलं. त्यांचा पलंग त्या पंख्याच्या बरोबर खाली आहे. बाहेरच्या खोलीतला एक उरलाय, तो आज संध्याकाळी.