मदत हवी आहे : 'हवालदिल' नेमका कुठून आला?

मंडळी, आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात अवकाळी पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा ठरलेला : 'काजू बागायतदार हवालदिल'. घरी मात्र हा शब्द कोणी उच्चारत नाही. आम्ही कोंकणीत सरळ 'हुस्को' म्हणतो, मराठीत काळजी, धास्ती, फार तर घालमेल. 'मी हवालदिल झालोय' असं बायकोला सांगितलं तर ती आधी हसेल.

भाचीला शाळेत यावर टिपण लिहायचंय. तिच्या वर्गात कोणीतरी हा शब्द हवालदाराच्या नात्यातला ठरवून टाकला आहे! ते मला पटत नाही. अरबीत 'हौल' म्हणजे भय, धसका. फारसीत 'दिल' म्हणजे मन, काळीज. आणि उर्दूत छातीतल्या धडधडीला 'हौलदिल' म्हणतात. हवालदारातला 'हवाला' म्हणजे सोपवलेली जबाबदारी. शिवाय अरबी लिपीत या दोन शब्दांचे 'ह' वेगवेगळे, देवनागरीत येताना ते एक झाले.

पण 'हौल'चं 'हवाल' मराठीत कसं झालं? 'हालहवाल'मधल्या 'हवाल'ने ओढून नेलं का? जुन्या बखरीत किंवा पत्रात 'हौलदिल' असं रूप कोणी वाचलं असेल तर ते वाक्य कृपया जसंच्या तसं द्या.

आणखी एक. मला या शब्दात काळजीपेक्षा हतबलता जास्त ऐकू येते. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलगा हवालदिल होतो म्हणावं, की तिथे धाकधूकच बरी? घाटावर बोलण्यात हा शब्द वापरता का, तेही सांगा. टिपण सोमवारी द्यायचंय.