कॉलेजात वन-टू-वन गाण्या-वाजवण्याचे क्लास, तेही क्रेडिटसाठी. कुणी चालवलेत का?

मुलुंड_स्लो
नमस्कार मंडळी. मी मुलुंडच्या बाजूच्या एका डिग्री कॉलेजात अकाउंट्स शिकवते आणि कल्चरल कमिटीची इनचार्ज आहे, म्हणजे युथ फेस्टिव्हल आला की पोरांची प्रॅक्टिस, ड्रेसवाला, बस, वडापाव सगळं माझ्याच गळ्यात. आता प्राचार्यांच्या डोक्यात नवीन आलंय. आपली इतकी मुलं बाहेर तबला, गाणं, गिटारचे क्लास लावतातच, मग तेच मास्तर कॉलेजात बोलवा, प्रत्येकाला स्वतंत्र शिकवणी द्या आणि वर दोन क्रेडिट द्या, अ‍ॅडमिशनला पण आकर्षण होईल. "मॅडम, एनइपीत, म्हणजे नव्या शैक्षणिक धोरणात बसतं का बघा आणि पुढच्या मीटिंगला प्रपोजल आणा." झालं.

मला गाण्यातलं कळतं ते पेटी ओळखण्यापुरतं. कॉलेज अनुदानित आहे, ऑटोनॉमस नाही. हे दाखवायचं कशात, मास्तरांना पैसे कुठून आणि किती द्यायचे, एकाला सा लावता येत नाही आणि दुसरा विशारदची वरची परीक्षा देतोय तर दोघांना मार्क कसे द्यायचे, काहीच सुधरत नाहीये. ज्यांनी प्रत्यक्ष केलंय किंवा करताना बघितलंय त्यांनी प्लीज सांगा. "चांगला उपक्रम आहे" हे मला स्टाफरूममध्ये भरपूर मिळालंय.

क्रेडिट_मोजणारा
मॅडम, बसतं. फर्स्ट इयरचं स्ट्रक्चर काढा, सेमिस्टरला २२ क्रेडिट, त्यात सीसी म्हणजे को-करिक्युलरचे २ असतात, आणि राज्याच्या आराखड्यात सीसीच्या यादीत एनएसएस, एनसीसी, योगाबरोबर परफॉर्मिंग आर्ट्स स्वच्छ लिहिलंय. ओपन इलेक्टिव्हमध्येही घालता येईल पण तिथे भानगडी जास्त, सीसीच सोपं. फक्त तुम्ही अफिलिएटेड, विद्यापीठाशी संलग्न आहात, म्हणजे सिलॅबस विद्यापीठाने मंजूर केलेलाच लागेल, मनाने काही लिहून चालत नाही. आधी विद्यापीठाच्या साइटवर सीसीचे मंजूर सिलॅबस उतरवून घ्या, संगीताचा त्यातलाच उचला आणि त्याच्या आत तुमची शिकवण्याची पद्धत बसवा. ऑटोनॉमस असता तर सिलॅबस ठरवणाऱ्या स्वतःच्या बोर्ड ऑफ स्टडीजमधून काढून मोकळे झाला असता.

आता खरी गोम तासांची आहे. यूजीसीच्या डिसेंबर २०२२ च्या फ्रेमवर्कमध्ये थिअरीचं १ क्रेडिट १५ तासांचं, पण प्रॅक्टिकलचं १ क्रेडिट ३० तासांचं. दोन क्रेडिट म्हणजे ६० तास, १५ आठवडे धरले तर आठवड्याला ४. हे चारही तास प्रत्येकाला एकट्याला द्यायचे म्हटलं तर १२ मुलांचे आठवड्याला ४८ तास होतात!! तबल्याचा मास्तर कॉलेजातच अंथरूण टाकेल. म्हणून ते चार तास फोडायला लागतात. अर्धा तास एकट्याची शिकवणी, दीड तास सगळे एकत्र, उरलेले दोन तास कॉलेजच्याच खोलीत रियाज, हजेरीपटावर सही करून, आणि तिथे मास्तर नसला तरी सीनियर मुलगा किंवा तुमचा कुणी माणूस बसलेला हवा. मास्तरांचे तास मग ६ अधिक दीड, साडेसात. चहा धरून आठ म्हणा.

पैसे: समजा तासाला ६०० ठरले. ८ गुणिले १५ म्हणजे १२० तास, ७२,००० रुपये, बारा जणांत वाटले तर डोक्यामागे सहा हजार. हजार ठरले तर दहा हजार. हा आकडा प्राचार्यांसमोर आधी ठेवा, आकर्षण वगैरे नंतर बोलू म्हणावं. आणि सीसी करायला इतर मुलांना एनएसएस फुकट मिळतंय हेही लक्षात असू द्या, म्हणजे ज्याला खरंच शिकायचंय तोच येईल, जे एका अर्थी बरंच आहे, पण ज्याच्या घरी सहा हजार नाहीत त्याच्यासाठी दोन-तीन जागा कॉलेजने स्वतःच्या खिशातून ठेवायला पाहिजेत.

तीनतालवाला
क्रेडिटवाल्या सरांचं गणित बरोबर आहे पण त्यांचे १५ आठवडे फक्त कागदावर असतात. मी तबला शिकवतो, दादरला क्लास आहे, एका कॉलेजात व्हिजिटिंग जाऊन आलोय. पहिल्या सेमिस्टरला जूनचा शेवट अ‍ॅडमिशनमध्ये जातो, मग युथ फेस्टिव्हल, मग गणपती, त्यात अर्धी मुलं कोकणात आणि आम्ही वाजवणारे रोज कुठल्यातरी मंडळात नाहीतर सोसायटीत साथीला, मग नवरात्र, त्यानंतर दिवाळी पहाटच्या तालमी. कुठलाही कामाचा मास्तर या काळात तुम्हाला दर आठवड्याला मिळणार नाही, मिळाला तर त्याला कार्यक्रम का नाहीत ते विचारा. त्यामुळे बुडालेला तास कधी भरून काढायचा ते आधीच लिहून घ्या आणि पहिल्यांदा करताय तर दुसऱ्या सेमिस्टरला सुरू करा, जानेवारी ते मार्च सलग मिळतात.

दुसरं पैशाचं. मला सेमिस्टर संपून पुढचं निम्मं गेल्यावर चेक मिळाला, मधे प्रत्येक वेळी ऑफिसात "फाइल वर गेलीय". वर म्हणजे कुठे ते कुणी सांगेना. आणि मुलगा आला नाही तर तो तास धरायचा नाही असंही तोंडी सांगितलं होतं, मी परळहून गाडीला लटकून आलोय त्याचं काय? तुम्ही खरंच करणार असाल तर महिन्याच्या महिन्याला टीडीएस कापून पैसे खात्यात आणि मुलगा गैरहजर असला तरी मास्तरांचा तास धरायचा, एवढं लेखी द्या. चांगला माणूस टिकेल.

तबला चार-पाच जणांना एकत्र शिकवता येतो, तीनतालाचा ठेका, एक-दोन कायदे (म्हणजे ठरलेल्या बोलांच्या रचना), हातावर ताली-खाली, सगळं जमतं. पण हात कुठे पडतोय, 'ना' हा बोल किनारीवर वाजतोय की भलतीकडेच, हे प्रत्येकाशेजारी बसल्याशिवाय कळत नाही. तेवढ्यासाठीच तो अर्धा तास. म्हणून अर्ध्याचा पाऊण करत बसू नका आणि वीस मिनिटांच्या खालीही नेऊ नका, वीस मिनिटांत सुरात लावून बोटं मोकळी होतात तोवर पुढचा दारात उभा असतो.

काळी_पाच
तबल्याचं जमतं दादा, गाण्याचं नाही जमत. ताई तुम्ही गाणं ठेवणार असाल तर हे प्राचार्यांना समजावून सांगाच. पेटीवरच्या काळ्या पट्ट्या मोजल्या तर मुलींचा सा साधारण काळी चार-पाचच्या आसपास, मुलांचा काळी एक-दोन. एकत्र बसवलं की एक तर मुली खालच्या पट्टीत पुटपुटत बसतात नाहीतर मुलं वर ओरडून गळा बसवून घेतात. शाळेत समूहगीताला चालवून घेतात, दोन महिने रोज असा चुकीच्या पट्टीत रियाज केला तर आवाजाचं नुकसान आहे. तर एकत्र तासाचे दोन गट करा, पट्टीप्रमाणे. मुलगे-मुली असे नका करू, काही मुली खूप खालच्या आवाजाच्या असतात त्या बिचाऱ्या उगीच ताणतात. एकत्र तासात अलंकार, रागाची ओळख, तालाची मात्रा मोजणं, ऐकणं. भूप किंवा यमन एकच राग पूर्ण सेमिस्टर पुरतो, चार राग सिलॅबसमध्ये लिहिलेले असले की मुलं चार बंदिशी पाठ करतात आणि एकही राग येत नाही.

मार्कांचं म्हणाल तर, तुमचा विशारदवाला आणि नवा एकाच पेपरला बसवू नका. दोन पातळ्या करा, सुरुवातीला दहा मिनिटं प्रत्येकाला ऐकून ठरवा, आणि मार्क देताना कुठून कुठे आला ते बघा. दोन क्रेडिटला ५० मार्क असतील ना, त्यातले मोठे मार्क शेवटच्या सादरीकरणाला, काही रियाजाच्या वहीला आणि हजेरीला. सादरीकरणाला स्वतःच्या मास्तराशिवाय बाहेरचा एक जण हवाच हवा. आमच्यात कुणी आपल्या शिष्याला नापास करत नाही हो, सगळ्यांना ४५ पडतात, मग परीक्षा कसली. आणि कुणी गांधर्व महाविद्यालयाच्या मध्यमा पूर्ण परीक्षेचं (विशारदच्या आधीची) सर्टिफिकेट दाखवून "मला आयते क्रेडिट द्या" म्हणेल, तर त्याला म्हणावं, वरच्या पातळीत बस आणि या सेमिस्टरला काहीतरी नवीन शिक.

गिरगावचा_म्हातारा
कशाला हे सगळं? विद्या गुरूच्या घरी जाऊन घ्यायची असते. चार मार्कांसाठी, का काय ते क्रेडिटसाठी, मुलं येणार आणि सेमिस्टर संपलं की पेटी बंद. त्यापेक्षा कॉलेजने एक चांगली बैठक भरवावी, ऐकू द्यावं मुलांना.

काळी_पाच
काका, विष्णु दिगंबर पलुस्करबुवांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि १९०८ मध्ये मुंबईत, तेव्हापासून वर्गात बसून, परीक्षा देऊन लोक शिकतायत. प्रभाताई अत्रे, एवढ्या मोठ्या गायिका, एसएनडीटी विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख होत्या, त्यांना काय गुरूचं महत्त्व माहीत नव्हतं? गुरूच्या घरी जायला नालासोपाऱ्याहून पार्ल्याला यायला लागतं, सातच्या गाडीतून, कॉलेज आणि पार्टटाइम नोकरी करून. ज्या मुलीला हे घरून परवानगी नाही तिला कॉलेजच्या वेळात कॉलेजात मिळालं तर मिळू दे की. बैठकीचं मात्र एकदम मान्य, दोन्ही करा.

गिरगावचा_म्हातारा
नालासोपाऱ्याचं बरोबर आहे. बैठकीला बोलवा मला.

बे_एरियाची_मावशी
मी मूळची गोरेगावची, आता लेकीकडे कॅलिफोर्नियात असते. इथल्या कम्युनिटी कॉलेजात हे अगदी रोजचं आहे, त्याला अप्लाइड म्युझिक म्हणतात, नातू ट्रम्पेट शिकतोय तसंच. कम्युनिटी कॉलेज म्हणजे इथलं दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, फी कमी, मग तिथले क्रेडिट घेऊन मोठ्या युनिव्हर्सिटीत जातात. आठवड्यातून एकदा मास्तरांबरोबर एकट्याने शिकवणी, बाकी रियाज आणि सगळ्यांनी मिळून ऑर्केस्ट्रात किंवा कॉयरमध्ये वाजवणं-गाणं जोडलेलं असतं, नुसती शिकवणी घेतो आणि घरी जातो असं बहुतेक ठिकाणी चालत नाही. आत घ्यायच्या आधी ऑडिशन. सेमिस्टरच्या शेवटी ज्युरी, म्हणजे दोन-तीन शिक्षकांसमोर वाजवायचं, काळीपाचताई म्हणतायत तेच. अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजात या शिकवणीची वेगळी फी लागते कारण एकाला एक शिकवणं कुणालाच परवडत नाही, अमेरिकेलासुद्धा.

म्युझिक स्कूलना मान्यता देणारी एनएएसएम म्हणून संस्था आहे इथे, तिच्या नियमात एका क्रेडिटमागे आठवड्याला तीन तास रियाज आणि शिवाय लागेल ती वैयक्तिक शिकवणी असं धरलंय. म्हणजे क्रेडिट मुख्यतः रियाजाचं. मला हे फार पटलं. आणि क्रेडिट पुढच्या युनिव्हर्सिटीत गेलं तरी तिथे परत ऑडिशन देऊनच पातळी ठरते, त्यामुळे मार्क फुगवून काही फायदा होत नाही.

पार्ल्याची_आई
सगळ्यांनी तासांचं नि पैशांचं लिहिलं, एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. एक मास्तर, एक मुलगी, आवाज जाऊ नये म्हणून दार बंद. कॉलेजच्या मागच्या कोपऱ्यातली खोली, कारण पुढे लेक्चर चालू असतात. मॅडम, असं करू नका. दाराला काच असलेली खोली द्या, नसेल तर बसवून घ्या, आणि पुढच्या नंबरचा विद्यार्थी आतच बसून ऐकू दे, त्याचंही शिक्षण होतं, जुन्या उस्तादांकडे असंच सगळे बसायचे. मास्तर व्हिजिटिंग असले तरी कॉलेजची लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची अंतर्गत तक्रार समिती त्यांना लागू आहे हे त्यांच्या पत्रात लिहा, यूजीसीचे २०१५ चे नियम आहेत त्याबद्दल. आणि रात्री दहाला "रियाजाचा व्हिडिओ पाठव" वाले मेसेज ग्रुपवर, पर्सनलवर नाही. चांगल्या मास्तरांना याचा राग येत नाही, उलट त्यांनाही सोयीचंच असतं.

तीनतालवाला
पार्ल्याच्या ताईंना अनुमोदन. मी दार उघडंच ठेवतो, बाजूच्या वर्गातल्या सरांच्या शिव्या खातो.

मुलुंड_स्लो
बाप रे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, खरंच आभार. आज प्राचार्यांना बारा मुलं आणि ७२,००० दाखवले, थोडा वेळ शांत होते, मग म्हणाले गिटार कमी पैशात नाही का होणार? मी म्हटलं मास्तर गिटारचा असला तरी पोट तेच आहे सर. शेवटी एवढं ठरलंय की जानेवारीपासून फक्त तबला आणि गाणं, सहा-सहा मुलं, दोन जागा कॉलेजच्या खर्चाने, फीचं मॅनेजमेंटकडे पाठवायचंय. सिलॅबस विद्यापीठाचा सीसीचाच. दोन मास्तरांत विभागल्यामुळे एकत्र तास दोनदा धरायला लागले आणि गाण्याचे तर पट्टीप्रमाणे दोन गट, म्हणजे खर्च वाढतोय, ते क्रेडिटवाले सर, तुम्हाला वेगळा मेसेज करते. खोलीसाठी लायब्ररीशेजारची जुनी रीडिंग रूम मिळतेय, तिला काच आहे पण लायब्ररियन बाईंनी आत्ताच तोंड वाकडं केलंय.

शेवटचं एक. वाद्यं कॉलेजने घ्यायची का मुलांनी आपली आणायची? तानपुरा म्हणे आता अ‍ॅपवर मिळतो.

तीनतालवाला
तबला मुलांना आणायला लावू नका, गर्दीच्या गाडीत जोडी घेऊन चढून दाखवा कुणी. कॉलेजने तीन जोड्या घ्या, एक मास्तरांना, दोन मुलांना, सगळ्या एकाच स्वराच्या नाहीतर एकत्र तासाला कान किटतात. लोखंडी कपाटात ठेवा, आत साधा बल्ब लावून. पावसाळ्यात पुडी, म्हणजे वरचं चामडं, सादळते, मग किती ठोका, सूर वर चढत नाही, आणि पुडी बदलायचा खर्च दरवर्षी येतो तो बजेटमध्ये आत्ताच घाला, नंतर कुणी देत नाही. चावी शिपायाकडे नको, तो दुपारी सापडत नाही.

काळी_पाच
तानपुरा अ‍ॅपवर चालेल, पण फोनच्या स्पीकरवर नको, एक बरा ब्लूटूथ स्पीकर घ्या. पेटी एकच घ्या पण चांगली घ्या, आणि घेताना सूर लावणाऱ्या माणसाला बरोबर न्या, दुकानात सगळ्याच पेट्या गोड वाजतात. लायब्ररियन बाईंना पहिल्या आठवड्यात चहाला बोलवा.