‘मस्ट नॉट’ आणि ‘यायला नको’ : मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार. इंग्रजीतील साहाय्यकारी क्रियापदांबाबत जाणकारांकडून मार्गदर्शन हवे आहे.

गेल्या आठवड्यात एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना, ‘उद्याच्या बैठकीला तुम्ही यायला नको, मी सांभाळून घेईन,’ एवढेच कळवायचे होते. परंतु मी ‘यू मस्ट नॉट कम टुमारो’ असे लिहून पाठवले आणि त्यांना ती चक्क मनाई वाटली. ‘मस्ट’ म्हणजे ‘पाहिजे’, तेव्हा ‘मस्ट नॉट’ म्हणजे ‘नको’, असा माझा सरळ हिशेब होता. नंतर व्याकरणात पाहिले, तर ‘मस्ट नॉट’ म्हणजे ‘येता कामा नये’ आणि ‘डोन्ट हॅव टू’ म्हणजे ‘यायची गरज नाही’. आपल्या ‘यायला नको’मध्ये मात्र प्रसंगानुसार दोन्ही छटा येतात, आणि माझी गफलत तिथेच झाली असावी.

आता प्रश्न असा, की वरिष्ठांना लिहिताना ‘यू डोन्ट हॅव टू कम’ हे रुक्ष वाटते का, आणि त्याऐवजी ‘नीड नॉट’ वापरले तर ते आज फार जुनाट दिसेल का?

आणखी एक. ‘काल धावत जाऊन लोकल पकडता आली’ यासाठी ‘कुड’ चालत नाही, ‘वॉज एबल टू’ लागते. पण ‘पकडता आली नाही’ म्हणताना ‘कुडन्ट’ बिनदिक्कत चालते, असे वाचले. नकारात ही सवलत का, हे कोणी उदाहरणांसह समजावून सांगेल का?