मदत हवी आहे: रस्त्यावरच्या मिठापासून बाइक कशी वाचवू?

नमस्कार मंडळी. मी मँचेस्टरजवळ राहतो. शिफ्ट पहाटेची, त्या वेळी ना बस ना ट्रेन, त्यामुळे हिवाळ्यातही बाइकशिवाय गत्यंतर नाही. इथे साधारण ऑक्टोबरअखेरपासून मार्च-एप्रिलपर्यंत बर्फ धरू नये म्हणून रस्त्यांवर खनिज मीठ टाकतात. ते ओल्या रस्त्यावरून उडतं आणि थेट इंजिनखाली, चेनवर, स्पोकमध्ये जाऊन बसतं. परवा टॉर्च मारून पाहिलं, तर सायलेन्सरच्या पाइपाचे बोल्ट तांबूस झालेत आणि ॲल्युमिनियमच्या कव्हरवर, लॅकरच्या (वरच्या पारदर्शक लेपाच्या) आत, बुरशीसारखे पांढरे धागे पसरलेत. जीव लावून सांभाळलेली गाडी आहे हो, बघवत नाही.

सध्या घरी आलो की थंड पाण्याने धुतो. बेअरिंगमधलं ग्रीस निघून जाईल म्हणून प्रेशर वॉशर लावत नाही. चेनला तेल नियमित.

आता एसीएफ-५० हा गंजरोधक तेलकट स्प्रे मारायचा विचार आहे. लॅनोलिनचा (मेंढीच्या लोकरीतल्या मेणाचा) स्प्रे त्याहून बरा पडतो का? रोजच्या धुण्यात तो थर टिकतो, की पुन्हा पुन्हा मारावा लागतो? ब्रेकच्या डिस्क आणि पॅडवर उडू नये म्हणून काय झाकता? आणि ते पांढरे धागे आधी घासून काढायलाच हवेत, की वरून मारलं तरी पसरायचे थांबतात?

गॅरेज नाही, गाडी उघड्यावरच असते. ओल्या गाडीवर कव्हर घातलं तर आत दमटपणा कोंडतो, असं मला वाटतं. मग घालू की नको? कोकणात किनाऱ्यालगत गाडी वापरणाऱ्यांनीही जरूर सांगा, खाऱ्या हवेशी तुमची रोजची गाठ.