विषय: मराठी शाळा – टॉकरवर बोलणाऱ्या विद्यार्थ्याला ग-म-भ-न

मंडळी, नमस्कार.

रविवारच्या शाळेत यंदा ७ वर्षांचा एक मुलगा आहे. तोंडाने बोलत नाही, आयपॅडवरच्या चित्रांच्या बटणांनी बोलतो (त्यालाच टॉकर म्हणतात). पेन्सिल धरता येत नाही, समजतं मात्र सगळं. बाकीची मुलं ग-म-भ-न गिरवतात तेव्हा तो नुसता बघत बसतो. घरच्यांनी टॉकरवर बरेच मराठी शब्द चढवलेत आणि तो ते वाचतो असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे दीड तास असतो. सुरुवात कुठून करू?

– शाळा समिती

---

ताई,

आधी ते ‘वाचतो’ तपासा. बटणावर चित्र असतं आणि बटणाची जागा ठरलेली असते. शब्द खाली छापलेला असला तरी अक्षरांकडे बघायची मुलाला गरजच पडत नाही. ‘पाणी’, ‘पाटी’, ‘वाणी’, ‘पापड’ अशा चार पट्ट्या करा, चित्राशिवाय. ‘पाणी कुठेय?’ विचारा, दर वेळी पट्ट्यांची जागा बदला. पाचांत चारदा बरोबर आलं तर तो शब्द वाचतो म्हणू. एकदा बरोबर येण्याला अर्थ नाही, चारांतलं एक अंदाजानेही लागतं.

ग-म-भ-न हा क्रम हाताच्या वळणासाठी आहे. म गिरवता आला की भ सोपा जातो. ज्याला हाताने लिहायचंच नाही, फक्त डोळ्यांनी ओळखून बोट ठेवायचंय, त्याच्यासाठी म आणि भ शेजारी येणं म्हणजे खड्डाच. त्याला दिसायला आणि ऐकायला लांबची अक्षरं एकत्र द्या. मी क, म, र, ळ, घ, न घेईन. एवढ्यात घर, नळ, कर, कमळ होतात, एकही मात्रा न लागता. ध, भ, स ही जुळी भावंडं मूळ अक्षरं पक्की झाल्यावर. ख तर फारच उशिरा, तो ‘रव’ वाचला जातो.

अक्षरं जोडून वाचायला मोठ्याने बोलावं लागत नाही. ‘न’ आणि ‘ळ’खाली बोट सरकवत तुम्ही आवाज सावकाश काढा, त्याला म्हणा, ‘मनातल्या मनात जोड’, आणि चार चित्रं समोर ठेवा: नळ, फळ, नख, बस. उत्तर चुकलं तरी ते बोलकं असतं. फळावर बोट गेलं तर तो शेवटचंच अक्षर धरतोय, नखावर गेलं तर पहिलंच. बस निवडली तर अजून आवाजांवरच काम हवं.

प्रश्न विचारल्यावर मनात १० आकडे मोजा आणि गप्प बसा. आपण प्रश्न पुन्हा विचारतो तेव्हा त्याचं अर्धं झालेलं उत्तर मोडतं. हे सगळ्यांत अवघड जातं, विशेषतः आपल्याला!

आणि लिहिणं वाचनानंतर ठेवू नका. त्याचं लिहिणं म्हणजे टॉकरवर अक्षरांची बटणं दाबणं. पहिल्या रविवारपासून तिथे पूर्ण वर्णमाला समोर हवी, शिकवलेली सहाच अक्षरं नव्हेत. तो ‘कघघळन’ उमटवेल. बाकीची मुलं पाटीवर रेघोट्या मारतात, तशाच या त्याच्या रेघोट्या. ‘अरे, कमळातला क आणि ळ दोन्ही सापडले की!’ म्हणा.

– एक स्पीच थेरपिस्ट

---

कीबोर्डचं थोडं.

रोमन टाइप करून देवनागरी उमटवणारा कीबोर्ड देऊ नका. ‘मामा’साठी इंग्रजी स्पेलिंग आठवावं लागतं, म्हणजे एका लिपीसाठी दुसरी. आयआयटी मुंबईचं स्वरचक्र छान आहे, पण व्यंजन दाबून बोट मात्रेकडे ओढावं लागतं. हातावर ताबा कमी असेल तर ते जमत नाही. टॉकरमध्येच आपलं पान करा: पहिल्या दाबात क, मग क-का-कि-की अशी बाराखडी उघडते, दुसऱ्या दाबात अक्षर. सुट्या मात्रांच्या बटणांत एक गोची आहे. ‘कि’मधली वेलांटी दिसते आधी पण टाइप होते नंतर. मूल डोळ्यांनी बघून आधी वेलांटी दाबतं आणि पडद्यावर ठिपक्यांचं वर्तुळ येतं. म्हणून काना पहिला, ऱ्हस्व वेलांटी शेवटी.

आवाज घरच्यांचा रेकॉर्ड करा. हिंदी आवाज ‘चाक’मधला च ‘चार’मधल्यासारखा म्हणतो, ‘जागा’चंही तेच. शब्द सुचवणारी सोय सरावापुरती बंद. आणि बटणं एकदा लावली की हलवू नका, बोटांना जागा पाठ होते.

– तांत्रिक समिती

---

एक शंका. एक काकू म्हणाल्या, अक्षरांचा तक्ता हातात धरून मुलाच्या कोपराला आधार दिला की मुलं भराभर वाक्यं लिहितात. करावं का?

– शाळा समिती

---

नको. धरणाऱ्याच्या नकळत उत्तर त्याच्याच हातून जातं. अमेरिकेतल्या स्पीच थेरपिस्टांच्या संघटनेने, ‘आशा’ने, २०१८ साली तक्ता हातात धरणं आणि हाताला आधार देणं या दोन्ही पद्धती वापरू नयेत असं स्पष्ट सांगितलंय. आयपॅड स्टँडवर, हात त्याचा त्याला. बोट घसरत असेल तर पडद्यावर भोकांची प्लॅस्टिकची जाळी बसवा. ती बटणांच्या मापाची लागते, ४५ बटणांची जाळी ६० वर बसत नाही.

मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांनी तो गोंधळेल अशी भीती वाटत असेल तर तीही सोडा. मात्र आईवडिलांना सांगा, दिवसाच्या शाळेच्या आयईपीत (शाळेने त्याच्यासाठी केलेल्या लेखी शिक्षण योजनेत) कीबोर्डचं पान लिहून घ्या. नाहीतर शाळेत चित्रंच राहतात आणि लिहिणं फक्त रविवारी.

– स्पीच थेरपिस्ट

---

आभार. शब्दपट्ट्या शनिवारी छापते, काळी अक्षरं पिवळ्या कागदावर. लॅमिनेटर कुणाकडे आहे?

– शाळा समिती