दीर्घ आजारांचं बिल: कोणाच्या नावावर फाडायचं?

मधली ओळ (धागाकर्ती)

दीर्घ आजारांमुळे देशाचं किती नुकसान होतं यावर कुठलाही लेख उघडा, एक आकडा हमखास भेटतो. वर्ल्ड इकॉनॉमिक फोरम आणि हार्वर्डच्या अभ्यासकांनी २०११ मध्ये अंदाज मांडला होता, की हृदयविकार, कर्करोग, मधुमेह, श्वसनाचे जुनाट विकार आणि मानसिक आजार या पाचांमुळे २०११ ते २०३० या काळात जगाचं ४७ लाख कोटी डॉलरचं उत्पादन बुडेल. त्यातला एक तृतीयांशाहून मोठा वाटा मानसिक आजारांचा.

आकडा मोठा आहे, पण मला तो अर्धवट वाटतो. आजारी माणूस कामाला मुकला हे त्यात येतं. त्याच्या शेजारी बसलेलं माणूस येत नाही.

माझ्या वडिलांचं डायलिसिस सहा वर्षं चालू आहे. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. हातातल्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिनीवर, बोट ठेवलं की आत रक्त वाहताना काहीतरी भुणभुणतं. सकाळी उठून पहिलं काम ते, भुणभुण चालू आहे ना बघायची. दिवसभरात किती पाणी प्यायचं याला मर्यादा आहे, म्हणून एका बाटलीवर मार्करने रेघ मारली आहे. रेघेच्या खाली बाटली गेली की घरात भांडण. पहिली दोन वर्षं मी अर्धवेळ काम केलं, मग नोकरी सोडली. मला स्वतःला काहीही झालेलं नाही, त्यामुळे कुठल्याच आकडेवारीत मी आजारी नाही.

माझं म्हणणं एवढंच: देशाचा खर्च मोजताना बिनपगारी शुश्रूषेचा रकाना नसेल, तर तो हिशेब धरूच नये.

जुना हिशेबनीस

तुमच्या परिस्थितीबद्दल सहानुभूती आहे, पण असहमत. मला तर उलट वाटतं, हे आकडे आधीच फुगलेले असतात आणि तुम्ही त्यात आणखी हवा भरायला सांगताय.

दोन गोष्टी. माणूस चाळिशीत गेला, तर त्याचा साठीपर्यंतचा पगार 'बुडालेलं उत्पादन' म्हणून लावायची एक पद्धत आहे. पण त्याची खुर्ची वीस वर्षं रिकामी राहते का? काही महिन्यांत दुसरं कोणीतरी बसतं. नेदरलँड्सच्या अर्थतज्ज्ञांनी १९९० च्या दशकात याच मुद्द्यावर वेगळी पद्धत मांडली: नवा माणूस रुळेपर्यंतचा काळ तेवढाच नुकसान म्हणून धरायचा. तसं केलं की आकडा धाडकन खाली येतो.

दुसरं, 'प्रतिबंध केला की पैसा वाचतो' हे पालुपद. २००८ मध्ये तिथल्याच संशोधकांनी तीन गटांचा जन्मभराचा वैद्यकीय खर्च गणिताने मांडून पाहिला. धूम्रपान करणारे सरासरी ७७ वर्षं जगतात, लठ्ठ माणसं ८० आणि सुदृढ ८४. सगळ्यात जास्त खर्च कोणाचा निघाला? सुदृढ माणसांचा. जास्त जगतात, मग म्हातारपणची दुखणी गाठतातच. प्रतिबंध जरूर करा, पण त्यातून तिजोरी भरेल असं सांगून करू नका.

राखाडी खडू

हिशेबनीसबुवा, हा रस्ता कुठे जातो ते एकदा बघून झालंय. २००१ मध्ये फिलिप मॉरिस कंपनीने चेक प्रजासत्ताकासाठी एका सल्लागार संस्थेकडून अहवाल करून घेतला होता. निष्कर्ष असा, की धूम्रपान करणारे लवकर मरतात, त्यामुळे पेन्शन आणि औषधोपचाराचा खर्च वाचतो, सबब सरकार फायद्यात. जगभर छी-थू झाली, कंपनीला माफी मागावी लागली.

गंमत अशी, की नैतिकता बाजूला ठेवली तरी ते गणित कच्चंच होतं. त्या 'फायद्या'तला सगळ्यात मोठा वाटा तंबाखूवरच्या कराचा होता. म्हणजे नागरिकाच्या खिशातून सरकारच्या खिशात गेलेला पैसा. तो देशाचा नफा कसा?

आणि तुमच्या त्या २००८ च्या अभ्यासात फक्त उपचारांचा खर्च होता. ८४ वर्षं जगलेल्या माणसाने त्या जास्तीच्या वर्षांत काय कमावलं, कोणाला सांभाळलं, ते त्यात नाही.

जुना हिशेबनीस

मान्य. फक्त उपचारांचाच हिशेब होता. पण मी कोणी मरावं असं म्हटलेलं नाही, कृपया ते माझ्या तोंडी घालू नका. जगण्याला किंमत आहे म्हणून प्रतिबंध करायचा असेल तर तसं सरळ म्हणा. अर्थखात्याला बचतीचं गाजर दाखवलं की पाच वर्षांनी ते विचारतात, बचत कुठंय? आणि योजना गुंडाळतात.

मोकळं बोलतो

सगळे एक गोष्ट टाळताय. यातले कितीतरी आजार माणूस स्वतःच्या हाताने ओढवून घेतो. जिभेवर ताबा नाही, व्यायाम नाही, सिगारेट सुटत नाही, आणि बिल मात्र माझ्या करातून. देशाला खर्च झेपत नसेल तर ज्याने दुखणं आणलं त्याने भरावा. कडू आहे, पण बोललं पाहिजे.

राखाडी खडू

@मोकळं बोलतो, टाइप १ मधुमेह झालेल्या सात वर्षांच्या पोराने नेमकं कशावर ताबा ठेवायचा होता?

ते सोडा, तुमचा मुद्दाच घेऊ. फिनलंडच्या नॉर्थ करेलिया भागात पुरुषांचं हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण जगात सगळ्यात जास्त होतं. १९७२ मध्ये तिथे प्रकल्प सुरू झाला. पुढच्या काही दशकांत कामकऱ्या वयाच्या पुरुषांमधले हे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले. अख्ख्या जिल्ह्याला एकदम मनोनिग्रह सुचला का? नाही. महिला मंडळं, दुग्धव्यवसाय, खाद्यपदार्थ बनवणाऱ्या कंपन्या सगळ्यांना त्यात ओढलं, ताटातली चरबी आणि मीठ बदललं, तंबाखूवर बंधनं आली. माणसं तीच होती.

ब्रिटनने २०१८ मध्ये साखरेच्या पेयांवर साखरेच्या प्रमाणानुसार टप्प्यांचा कर लावला. तो लागू व्हायच्या आधीच कंपन्यांनी साखर कमी करायला घेतली. पिणाऱ्याच्या ताब्याचा प्रश्नच आला नाही.

मोकळं बोलतो

आणि डेन्मार्क? ऑक्टोबर २०११ मध्ये चरबीवर कर लावला, लोक सीमेपलीकडे जाऊन खरेदी करून आले, जानेवारी २०१३ मध्ये कर रद्द. सोयीची उदाहरणं दोन्ही बाजूंना मिळतात. पोराबद्दलचं मान्य, ते मी धरलं नव्हतं. बाकी मत कायम.

रात्रपाळी

पंधरा वर्षं वॉर्डात काढली आहेत म्हणून लिहिते. मोठे आकडे मला कळत नाहीत, एक छोटा प्रसंग मात्र पाठ झालाय, कारण तो महिन्याला दोनदा तरी घडतो.

माणूस बीपी तपासायला येतो. गोळी चालू असते म्हणून बीपी नॉर्मल येतं. तो म्हणतो, "नॉर्मल आहे ना, मग गोळी कशाला?" आणि बंद करतो. काही त्रास होत नाही. तोच तर घोळ आहे, वाढलेलं बीपी दुखत नाही. पुढे कधीतरी तो स्ट्रेचरवरून येतो, एक बाजू लुळी, आणि बायको पिशवीतून जुनी फाइल काढून दाखवते. गोळ्यांचं पाकीट फाइलमध्येच असतं, अर्धं भरलेलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात ३० ते ७९ वयाच्या सुमारे १३० कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे. जवळजवळ निम्म्यांना ते माहीतच नाही, आणि आटोक्यात आहे फक्त पाचातल्या एकाचं. या गोळ्यांची पेटंटं कधीच संपलीत, औषधांमधल्या स्वस्तातल्या स्वस्त म्हणता येतील अशा आहेत.

गोळी देत राहायला पैसा नसतो, यंत्राला असतो. अमेरिकेने १९७२ मध्ये कायदा करून मूत्रपिंड निकामी झालेल्यांचा खर्च, वय कितीही असो, मेडिकेअर या मुख्यतः म्हाताऱ्यांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्यात घेतला. तेव्हा रुग्ण साधारण दहा हजार. आज तिथे पाच लाखांच्या वर लोक डायलिसिसवर आहेत. मेडिकेअरच्या लाभार्थ्यांत मूत्रपिंड निकामी झालेले टक्काभर, खर्चात वाटा सातेक टक्के. मूत्रपिंड जायची दोन मोठी कारणं मधुमेह आणि बीपी. कायदा वाईट होता असं मुळीच म्हणत नाही, माणसं जगली त्याने. पण शेवटच्या दाराशी रांग लावून पहिलं दार बंद ठेवायचं, हे मी रोज बघते.

(@मोकळं बोलतो: गोळी बंद करणारा आळशी नसतो. कित्येकदा त्याला पाच मिनिटं बसवून कोणी सांगितलेलंच नसतं. ती पाच मिनिटं माझ्याकडेही नसतात.)

मधली ओळ (धागाकर्ती)

रात्रपाळी, वडिलांची गोष्ट अगदी हीच. बीपी, मग गोळी बंद, मग मूत्रपिंड. अकरा वर्षांत.

हिशेबनीस, तुमची ती डच पद्धत रात्री डोक्यात घोळत होती, म्हणून स्वतःलाच लावून पाहिली. मी नोकरी सोडल्यावर तीन महिन्यांत माझ्या जागी माणूस आला. म्हणजे तुमच्या पद्धतीने देशाचं नुकसान तीन महिन्यांचं, तिथे खातं बंद. माझं चार वर्षं चालूच आहे. पगार गेला, निवृत्तीसाठी साठत होतं ते थांबलं, आणि उद्या परत काम शोधायला गेले तर मधल्या वर्षांचं काय सांगू? भावाशी बोलणं जवळपास बंद आहे, कारण कोणाची पाळी या विषयाशिवाय बोलायला काही उरत नाही. याला सामाजिक खर्च म्हणतात ना? मग कोणाच्या वहीत आहे तो?

जुना हिशेबनीस

हे तुम्ही बरोबर पकडलंत. ती पद्धत मालकाच्या खुर्चीत बसून मोजते. उठून गेलेल्या माणसाचं पुढे काय होतं हा तिचा प्रश्नच नव्हे.

शुश्रूषा मोजायच्या रीती आहेत. एक, तुम्ही बाहेर जे कमावलं असतं ते धरायचं. दुसरी, तेच काम करायला पगारी माणूस ठेवला तर काय द्यावं लागेल ते. दोन्हींची उत्तरं वेगळी येतात आणि दोन्हींवर वाद आहेत. पण दोन्हींसाठी आधी तास हवेत, आणि तेच कोणी लिहून ठेवत नाही. तुम्ही एक आठवडा लिहाल का? आकडा फुगवायचा नाही या अटीवर.

मधली ओळ (धागाकर्ती)

आठवडा झाला, लिहिलं. डायलिसिसचे १२ तास. जाणं-येणं, थांबणं आणि सुई काढल्यावर रक्त थांबेपर्यंत बसणं मिळून ९. औषधं, वजन, पाणी मोजणं, वेगळा स्वयंपाक रोज दीड तास, म्हणजे साडेदहा. विम्याचे कागद आणि फोन ३. एकूण साडेचौतीस.

जुना हिशेबनीस

म्हणजे जवळजवळ पूर्ण वेळ नोकरी. रात्रीचे धरलेत का?

मधली ओळ (धागाकर्ती)

नाही. रात्री मी झोपलेलीच असते, फक्त खोकला आला की जाग येते. ते कसं धरायचं?

रात्रपाळी

आमच्याकडे त्याला ऑन कॉल म्हणतात. त्याचा भत्ता मिळतो.